वीतभर उघडं खोड

बागेत शिरल्यावर ते आधी नमस्कार करत नसत. सायकल कडेच्या धुऱ्यावर आडवी टाकायची, पहिल्याच संत्र्याच्या झाडापाशी उकिडवं बसायचं आणि बुंध्याची माती बोटांनी उकरायची. मागे उभ्या मालकाकडे न बघताच म्हणायचं, "गळा मोकळा ठेवा जी याचा." नमस्कार त्यानंतर, मातीच्या हातांनी.

ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याच्या शेतकी कार्यालयात टाइपिस्ट होतो आणि ते ग्रामसेवक. तिगावपासून सौंसरपर्यंतच्या बागा त्यांनी सायकलवर पालथ्या घातल्या होत्या. त्या वर्षांत संत्री मरत होती. बुडाशी डिंक यायचा, पानं पिवळी पडायची आणि फळांनी लगडलेलं झाड उभंच वाळायचं. आमच्याकडे जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात. तो सांधा जमिनीवर वीतभर उघडा राहिला तर झाड टिकतं, मातीत गेला तर सडतं, हे त्यांनी बघून बघून ताडलं होतं. पण आमचे लोक मायाळू! झाड वाऱ्याने हलू नये म्हणून लेकराला पांघरूण घालावं तशी बुंध्याला माती चढवायचे. ग्रामसेवक वाद घालत नसत. "मी सांगून राहिलो, तुमी ऐकून राहिले. झालं," म्हणत थकलेल्या अंगाने सायकल उचलायचे.

खात्याला पुरावा हवा होता. म्हणून बोरगावच्या एका बागवाल्याला त्यांनी गळ घातली. शेजारी शेजारी दोन ओळी लावल्या. एकीत सांधा उघडा, दुसरीत जुन्या रीतीने गाडलेला. पाणी तेच, खत तेच. सहा वर्षं ते दर पंधरवड्याला जाऊन वहीत लिहीत होते. अहवाल ते मराठीत सांगायचे, कार्यालयाचं कामकाज हिंदीत म्हणून मी हिंदीत टाइप करायचो. एकदा मी 'सिद्ध होता है' लिहिलं तर म्हणाले, "ते खोडा बाबूजी. लोकं दोन ओळी पाहतीन अन् सोताच म्हणतीन."

सहाव्या वर्षी गाडलेली ओळ वाळू लागली. मेलेली झाडं बघून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नागपूरहून मोठे शास्त्रज्ञ यायला कबूल झाले. त्या दिवशी ग्रामसेवकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. वह्या घेऊन मीही गेलो.

बागेत एकच ओळ होती. दुसरीच्या जागी जमीन सपाट केलेली, पाणी शिंपडलेलं आणि त्यावर पाहुण्यांसाठी खुर्च्या. नवी टोपी घातलेला मालक हौसेने सांगत होता, "वाळलेली झाडं पाव्हण्याले कायले दाखवाची? कालच मुळासकट उपटून जाळली. तुमची इज्जत ते आमची इज्जत!"

पाहुणे उरलेल्या ओळीतून फिरले. "झाडं उत्तम आहेत," ते वह्या चाळून परत देत सौजन्याने म्हणाले, "पण या नुसत्या नोंदी झाल्या, तुलना कशाशी करायची?"

ग्रामसेवक खुर्चीशेजारी उकिडवे बसले, सपाट मातीवरून हात फिरवला आणि उठून मालकाला म्हणाले, "चहा मस्त झाला जी."

परतताना ते सायकल हातात धरून चालले. मी विचारलं, "राग नाही आला?"

"त्यानं माह्यासाठीच केलं ना. कोनावर रागावू?" बरंच चालल्यावर म्हणाले, "पुन्हा लावाचं म्हटलं तर सहा वर्षं. नोकरी दोनच उरली."

ते निवृत्त व्हायला आले तेव्हा खात्याकडून छापील पत्रकं आली. दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यात कुणी तेच दाखवून दिलं होतं. सांधा वीतभर उघडा ठेवा. गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवताना मलाच लाज वाटली. त्यांनी एक पत्रक शेवटपर्यंत वाचलं, गठ्ठा कॅरिअरला बांधला आणि बागोबाग वाटला. बोरगावचा मालक म्हणाला, "आता मोठ्या साहेबायनं छापलं, म्हंजे खरं असन."

"हो जी. खरंच हाय," एवढंच ते बोलले. मला मात्र त्या मालकाचा अजून राग येतो.

निवृत्तीनंतर वर्षभरात ते गेले. मी सौंसरला त्यांच्या घरी भेटायला गेलो तर अंगणात बोरगावचा मालकही आलेला. दारात त्यांची बायको उभी होती. अंगणातल्या एकुलत्या संत्र्याला पावसाने माती चढली होती. मालक तिच्याकडे न बघताच झाडापाशी उकिडवा बसला आणि बोटांनी माती उकरू लागला, सांधा दिसेपर्यंत. नमस्कार त्याने त्यानंतर केला, मातीच्या हातांनी.