इंग्रिडचं गाव आणि आम्ही सगळे पुण्याचे

इथे परदेशात, पॅरामॅटाच्या आमच्या ऑफिसात दूध संपतं, बिस्किटं संपतात, किस्से मात्र संपत नाहीत. लंचला चार मराठी डोकी जमली की कुणाची तरी फजिती निघतेच. पूर्वी ती दुसऱ्यांची असायची. टीममध्ये इंग्रिड आली आणि आमचीच निघायला लागली.

इंग्रिड नॉर्वेची, समुद्रकाठच्या एका चिमुकल्या कोम्यूनची. कोम्यून म्हणजे आपली ग्रामपंचायत म्हणा, फक्त तिला स्वतःचं चिन्ह असतं. हिच्या गावाचं चिन्ह निळ्या ढालीवर पांढरं दाताळं, गवत ओढायचं. तिच्या कॉफीच्या मगवरही तेच आहे.

*

पहिल्याच आठवड्यात आमच्या टीम लीडने, प्रसादने, तिला गावची लोकसंख्या विचारली आणि आकडा ऐकून तो खो खो हसला. म्हणाला, पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात! इंग्रिडला त्याचं कौतुकच वाटलं. तिने शेजाऱ्यांची नावं विचारली. प्रसादने बराच विचार केला.

"समोरच्यांकडे कुत्रा आहे," तो म्हणाला. "ब्रूनो."

*

तिचं आडनाव म्हणजे तिच्या घरच्या शेताचं नाव. मी उत्साहाने सांगितलं, आमच्यातही तसंच, मी पाटगावकर म्हणजे पाटगावचा. तिने लगेच मॅप उघडला. पाटगावं एकाहून जास्त निघाली. तुझं कोणतं, तिने विचारलं. मी पुण्याला बाबांना फोन लावला.

"आजोबांना माहीत होतं रे," बाबा म्हणाले. "तुला आत्ताच काय अडलंय?"

मी तिला त्यातल्या त्यात हिरवं दिसणारं पाटगाव दाखवलं. तिने मनापासून सुंदर म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

त्यांच्या राष्ट्रीय दिनाला इंग्रिड पारंपरिक पोशाखात आली. कशिदा बघून माणूस कुठल्या खोऱ्यातला ते तिकडे ओळखतात, आणि दुसऱ्या खोऱ्याचा पोशाख घातला तर लोक नाकं मुरडतात. आमच्या टेस्टर स्नेहाला चेव आला. दिवाळीच्या लंचला ती पैठणी नेसून आली आणि येवल्यापासूनचा इतिहास तिने सुरू केला. इंग्रिडने पदर हातात घेऊन विचारलं, हा कुणी विणला?

आमचा सुरतचा जिग्नेश डब्यातून मान वर न करता म्हणाला, "मशीन ने. मेरे मामा की है."

*

मग तिकडून बातमी आली. इंग्रिडचं गाव शेजारच्या मोठ्या कोम्यूनमध्ये विलीन करायचं का, यावर मतदान होणार. हिची झोप उडाली. इथे राहते म्हणून हिला मतही नव्हतं. आम्ही समजूत घालायला गेलो. प्रसाद म्हणाला, चांगलंच आहे की, माझी सासुरवाडी महापालिकेत गेली आणि जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले.

गावाचं नाव राहिलं का, तिने विचारलं.

"आहे ना," प्रसाद म्हणाला. "बसस्टॉपला आहे."



*

निकाल लागला. गावानेच विलीन व्हायला मत दिलं, निदान शाळा तरी टिकेल म्हणून. दुसऱ्या दिवशी आर्व्होला, म्हणजे दुपारी, इंग्रिड मीटिंग रूममध्ये आईशी व्हिडिओवर बोलत होती. तिची आई कित्येक वर्षं त्या कोम्यूनच्या सभेची सदस्य होती. काचेतून आम्ही दिसलो तशी इंग्रिडने आम्हाला आत बोलावलं. स्क्रीनवर एक स्वयंपाकघर आणि रडून डोळे सुजलेली बाई. ती काहीतरी बोलली.

"आई विचारते आहे," इंग्रिडने सांगितलं, "तुमच्याकडे इतकी गावं शहरात गेली. तरी तुम्ही ती जपता कशी? तिला शिकायचं आहे."

आईने चष्मा लावला आणि ती खुर्ची ओढून पुढे सरकली. स्नेहाने माझ्याकडे बघितलं, मी प्रसादकडे. शेवटी प्रसादने घसा खाकरला.

"आंटी," तो म्हणाला, "वी विल गेट बॅक टू यू."

इंग्रिडने तेही नीट भाषांतर करून सांगितलं. आईने मान डोलावली आणि आमचे सगळ्यांचे आभार मानले.