उघाडीवरचे जिताडे

जिताडा गळाच्या काठीनेच मारावा. हातात नुसती दोरी धरून बसणारा माणूस विहिरीतून बादली शेंदावी तसा मासा शेंदतो आणि वर त्याला मर्दुमकी म्हणतो. हे माझं मत मी वाशीत इतकी वर्षं आणि इतक्या मोठ्या आवाजात सांगत आलो की आमच्या सोसायटीतली शाकाहारी बिऱ्हाडंसुद्धा काठीवाले आणि दोरीवाले अशी फुटली. एका जोशीकाकूंनी म्हणे दोरीवाल्यांकडून लोणचं घ्यायचं बंद केलं. जोशी हे मी आता घातलं, पण लोणच्याचं खरं आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. लग्नापर्यंत मासा म्हणजे घशात अडकणारी वस्तू एवढंच माझं ज्ञान. बायको अलिबागेकडची. तिच्या माहेरी जिताड्याला मासा म्हणत नाहीत, जिताडा म्हणतात. कचेरीत काम अडलं की साहेबाच्या बंगल्यावर जिताडा जातो, जावई रुसला की जिताडा येतो. मला पहिल्या सणाला सासऱ्यांनी जो वाढला, तो खाल्ल्यावर मी उरलेलं आयुष्य खाडीकाठी काढायचं ठरवलं. सुदैवाने सरकारने त्याच सुमारास आम्हाला खाडीकाठीच घर दिलं.

दोरीवाल्यांचा पुढारी आमच्या डोक्यावर राहायचा, म्हणजे वरच्या मजल्यावर. रत्नागिरीकडचा, जवळच्या पावणे गावातल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. मी ज्याला गळ म्हणतो त्याला तो गरी म्हणे, आणि आम्ही मासे मारायला जात असू तेव्हा तो गरवायला जाई. तंगूस, म्हणजे ती नायलॉनची पारदर्शक दोरी, धरून धरून त्याच्या बोटांना अशा चिरा पडल्या होत्या की वहिनी त्यावर खोबरं किसत असाव्यात असं मी चारचौघांत म्हणायचो. तो म्हणायचा, "काठी म्हणजे माशाला केलेली तार. 'येतो आहे, सावध राहा.' दोरीत कसं, मासा श्वास घेतो तो बोटाला कळतो."

आमचं एकाही गोष्टीवर जमलं नाही. मी जिवंत कोळंबी शेपटीतून ओवायचो, म्हणजे ती पोहते. तो डोक्यावरच्या करवतीखालून ओवायचा, म्हणजे ती जगते. मी दोरी बुडवायला शिसं लावायचं नाही म्हणायचो, तो अर्धा पत्रा वितळवून लावायचा. मी गोदीतल्या एका ओळखीच्याकडून परदेशी रीळ पैदा केलं होतं. ते फिरायला लागलं की असा आवाज करी की पलीकडे ट्रॉम्ब्याला कामगार शिफ्ट सुटली समजून बाहेर पडत. त्या रिळावर एकदा एक जिताडा लागला. त्याने मला बांधावरून ओढत थेट बेलापूरपर्यंत नेलं. वाटेत ओळखीचे भेटले, त्यांना मी चालत्या गाडीतून करावा तसा नमस्कार केला. शेवटी कल्ल्याच्या धारेने त्याने तंगूस कापली. जिताड्याच्या कल्ल्यावर पातं असतं, ते मात्र शंभर टक्के खरं, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

आमची जागा सानपाड्याच्या पलीकडची उघाडी. खाडीच्या बांधाला पाणी आतबाहेर करायला फळ्यांचं दार असतं, ती उघाडी. ओहोटी लागली की आतलं पाणी फेसाळत बाहेर पडतं, त्यात कोळंबी नि बोईटं, म्हणजे खाडीतले चंदेरी मासे, गडगडत येतात आणि खाली जिताडा पंगतीत बसल्यासारखा बसलेला असतो. निदान बसलेला असायचा. माझ्या गळाला फारसा लागायचा नाही हे मी कुणाला कळू दिलं नाही. येताना वाट वाकडी करून दिवाळे गावच्या कोळणीकडून जिताडा घेऊन यायचो आणि दारातच काठी आपटून कथा सुरू करायचो. बायको कथा पूर्ण ऐकायची, मासा हातात घ्यायची आणि विचारायची, "अहो, खाडीत बर्फ कधीपासून पडायला लागला?"

तर अशा माझ्या शब्दाची घरात काय किंमत होती, ते लक्षात घ्या. कारण पुढे सगळं त्याच्यावरच आलं.

ऐंशीच्या पुढचंमागचं साल. बायकोला सातवा लागला होता. आधी दोनदा आम्ही पाळण्याचं बोललो होतो आणि दोन्हीदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच ते बोलणं संपलं होतं. दुसऱ्या वेळी ती दवाखान्यातून आली ती काही दिवस भिंतीकडे तोंड करून झोपायची, आणि मी, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, दुसऱ्या खोलीत बसून रेडिओची बटणं फिरवायचो. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी जिने चढू नका, ओझं उचलू नका, काळजी करू नका असं सांगितलं होतं. पहिली दोन तिने पाळली.

तिला डोहाळा लागला जिताड्याचा. सासरे अलिबागेहून पाठवायला तयार होते. ती नको म्हणाली. "तुमच्या हातचा हवा," म्हणाली. "एकदा तरी. बर्फातला नको."

मग मी रविवारच काय, रजा टाकूनही उघाडीवर जायला लागलो. काही लागेना. पाणी बदललं होतं. फेस पूर्वी पांढरा असायचा, आता चहाच्या गाळासारखा, आणि तो विरायचा नाही, बांधाला चिकटून राहायचा. बोईटं तळली की घरात रॉकेलचा वास सुटायचा. दिसत सगळ्यांना होतं, पण खाडी आहे, वास मारणारच, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. वरच्याला विचारलं तर तो चिडला. त्याच्या कंपनीत पाणी धुऊनपुसून सोडतात, टाक्या आहेत, साहेब लोक येऊन तपासतात, असं त्याने मला जिन्यात उभं करून समजावलं. त्याला तिथे पक्कं होऊन वर्षही झालं नव्हतं.

मासा नाही म्हणजे तंत्र चुकतंय, अशी माझी श्रद्धा. मी घरातला स्टीलचा चमचा कानशीने घासला, दांडा तोडला, भोक पाडून गळ अडकवला आणि मागे लाल दोऱ्याचा गोंडा बांधला. पाण्यात तो बोईटासारखा लचकायचा. असा चमचा पाहून जिताडा लग्न मोडून येईल, असं मी सोसायटीत जाहीर केलं.

त्या रविवारी सकाळी मी चमचा घेऊन निघालो तर वरचा बांधावरून परत येताना दिसला. खांद्यावर ओलं गोणपाट, त्यातून शेपूट बाहेर. हा माणूस बोटाएवढं बोईट मिळालं तरी दोन मजले ओरडत चढायचा. आज नुसती मान हलवली आणि निघून गेला. मला वाटलं, मला जळवायची ही नवी रीत.

उघाडीवर ओहोटीचं पाणी पडत होतं. मी चमचा फेकला, ओढला. दुसऱ्यांदा फेकला आणि पाणी हललं. एक जिताडा वर आला. त्याच्या मागे दुसरा. मी मोठ्याने स्वतःचं कौतुक करायला लागलो, ऐकायला बगळे होते. पहिला मासा सरळ माझ्या दिशेने येत होता. खोटं सांगत नाही, म्हणजे नेहमी सांगतो तसं हे सांगत नाही: माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत भरेल एवढा तो होता. चमचा त्याच्या नाकावर आपटला. त्याने तोंड उघडलं, पण चमच्याकडे नाही, हवेकडे. मग तो एका कुशीवर कलला आणि काठाच्या चिखलाला येऊन टेकला.

मी गुडघाभर उतरून त्याला दोन्ही हातांनी उचलला. जिताडा उचलायला जाणाऱ्याची बोटं शाबूत राहत नाहीत. हा हातात पडून राहिला. कल्ला उघडला, मिटला, माझ्या मनगटाला त्याची धार लागत होती आणि तो ती वापरत नव्हता. डोळे दूध नासल्यासारखे पांढरे.

मग मी इकडेतिकडे पाहिलं. उघाडीच्या फळ्यांवर खेकडे चढत होते. लहान, मोठे, एकमेकांच्या पाठीवरून, पाण्यापासून लांब. खाली बोईटांची पिल्लं उलटी तरंगत होती. वास मला तोवर आला नव्हता, कारण मी बोलत होतो.

किती वेळ तो धरून उभा होतो कोण जाणे. घेऊन गेलो असतो तर आयुष्यात पहिल्यांदा काठी न आपटताही गोष्ट खरी ठरली असती. बर्फ नाही, कोळीण नाही. तिने हात लावून पाहिला असता आणि काही विचारलं नसतं. मी त्याला बांधाच्या चिखलात, कुणाच्या हाती लागणार नाही असा खोल पुरला आणि निघालो. अर्ध्या वाटेवर ते गोणपाट आठवलं. तिथून मी धावलो.

घरी बायको पाटावर बसली होती. समोर ताट, ताटात वरून आलेली वाटी, वाटीत तळलेल्या तुकड्या, रव्यात घोळलेल्या, अजून वाफ येत होती. आमच्याकडे एकमेकांत वाट्या जायच्या-यायच्याच. वहिनींनी पोटुशीचा घास म्हणून जेवायच्या आधी पाठवली होती. एक तुकडी तिच्या हातात होती.

"खाऊ नकोस," मी म्हणालो.

ती हसली. वरच्यांच्या दोरीला लागला म्हणून का, असं तिने विचारलं. मी पाणी खराब झालंय म्हणून सांगितलं, खेकड्यांचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. माझंच मला ऐकू येत होतं. बेलापूरपर्यंत ओढत नेलेल्याची गोष्टही याच आवाजात सांगितली होती. मी शपथ घेतली. ती म्हणाली, "त्या वेळीपण घेतली होतीत." मग जरा कडक आवाजात, "अहो, तुमची काठी हरली म्हणून मी उपाशी राहू का?" आणि हात तोंडाकडे गेला.

"मी मारला नाही गं," मी म्हणालो.

ती थांबली.

"आज केवढा तरी आला. जन्मात पाहिला नव्हता एवढा. पण मी नाही मारला. चमच्याला लागला नाही, काठी वाकली नाही. आपण होऊन आला आणि पडला. मी नुसता उचलला."

तिने माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. माझ्या तोंडून, मी न मारलेला मासा तिने कधी ऐकला नव्हता.

"लागलाच नाही?" तिने विचारलं.

"नाही."

तिने तुकडी वाटीत ठेवली, ताट लांब सारलं आणि हात धुतले. साबणाने, पुन्हा साबणाने. मग रडली. भूक लागली होती तिला. मी जवळ जायला लागलो तर म्हणाली, "आधी वर जा. पोरं जेवायला बसली असतील."

बसली होतीच. दोन्ही मुलगे, तो आणि वाढायला वहिनी. मी दारातच सगळं सांगितलं, या वेळी थोडक्यात. वहिनींचा पळीचा हात थांबला. त्याने वर न बघता म्हटलं, "गरीला लागलेला हाय. ताजा. जळू नको." मुलं खुदकन हसली. मी पाण्याचं पुन्हा म्हणालो तेव्हा त्याने मान वर केली.

"त्या पाण्यात काय असतं ते मला विचार. मी तिथे काम करतो." मग वहिनींना म्हणाला, "वाढ."

त्याने मोठा घास घेतला, माझ्याकडे बघत. मी खाली आलो. हात धरून ताटं ओढायला हवी होती की नव्हती, हे मला आजही ठरवता येत नाही.

संध्याकाळी त्याच्या धाकट्याला उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. असेलही, दिवसभर मैदानात होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा क्रिकेट खेळत होता. कशाने काय झालं हे सांगायला कुणीच नव्हतं. आम्हाला पुढे मुलगी झाली. नर्सने दुपट्यातून दाखवली तेव्हा मी आधी तिचे डोळे पाहिले. काळेभोर, मिटमिटत होते. मी पायरीवर बसून घेतलं.

सोसायटीत मी तरंगणाऱ्या जिताड्यांचं सांगितलं तेव्हा लोक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. माझी आजवरची सगळ्यात झकास थाप म्हणून ती कितीतरी गणपतींत सांगितली गेली. वरचाही हसायचा. मात्र आमचं काठी-दोरीचं भांडण त्यानंतर झालं नाही. वाद घालायला मासा लागतो.

चार-पाच वर्षांनी एकदा मुलीला खाडी दाखवायला बांधावर गेलो, तर तो उघाडीपाशी उभा. दोरी होती, पण गुंडाळलेली, खिशात. मुलगी दगड फेकत होती. त्याने विचारलं, "त्या दिवशी तुझा आला, त्याचे डोळे कसे होते रे?"

"पांढरे."

त्याने मान हलवली. "माझ्या जिताड्याने गरी तोंडात घेतलीच नव्हती," तो म्हणाला. "मीपण उचललाच."

वहिनींकडून मला माहीत होतं, धाकटा आता सातवीत होता, ठणठणीत, शाळेच्या टीममध्ये बॉलर. तरी हा रोज शिफ्टवरून आला की बूट काढायच्या आधी त्याला हाक मारून विचारायचा, पोट बरं आहे ना. पोरगं वैतागायचं.