दगड शिजवायची नळी

निजामाच्या राजवटीतली आठवण म्हणल्यावर तुमी सरसावून बसला असाल. आता रझाकार येणार, बंदुकीची नळी येणार! नळी येती, पण तिच्यात काळा दगड, पापडखार आन् पाणी. आमी दगड शिजवत होतो.

खूळ आमच्या शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांचं. ते हैदराबादचे, बोली दखनी. ढोकीकडं विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोटात पांढऱ्या सुया निघाल्या, काचेवानी. मास्तर म्हणले, "मियाँ, जमीन के पेट में गरम पानी दबता, फत्तर कू गलाता, फिर ये उगते. अपन बी उगाएंगे."

त्यांचा आवाज म्या हुबेहूब काढायचो. ते दारात हुबं राहून ऐकायचे, वरनं म्हणायचे, "नाक में से थोड़ा और."

लोहाराकडनं जाड नळी करून घेतली, तोंडाला आट्यांचं, पिळून बसवायचं टोपण. पाणी भरताना तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा. न्हाय तर तापलेलं पाणी टोपण उडवंल. "पानी कू दम लेने कू जागा छोड़ो, मियाँ."

आच हवी कैक दिवसांची. ती फक्त माझ्या मामाच्या गुऱ्हाळात. नळी रस उकळायच्या चुलवणाच्या कडंला पुरली. तेवढ्यात मास्तरांची रायचूरला बदली आली. म्हणले, "जाने के पहले एक सुई देखना है, बस."

निघायच्या दिवशी गाडी गुऱ्हाळावर थांबवली. टोपण कुणीतरी सैल करून ठेवलेलं. काढलं तर करपट वास, आत कोळशागत काळा गोळा.

"मामा, ह्यात काय घातलं?"

"पहिला रस! रिकामी व्हती की रं वरनं. हंगामाला रिकामं भांडं कुणी इस्तवात घालतं व्हय? मास्तर म्हणले असते, माझी नळी उपाशी ठिवली."

म्या रडकुंडीला आलो. मास्तरांनी बोट लावून चाखलं आन् पोट धरून हसले. "मीठा फत्तर! ये तो जमीन कू बी नै आता." गाडीत बसताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जागा छोड़ना, मियाँ." आन् गाडी गेली. सुई न बघताच गेले.

पुढच्या हंगामात नळी परत पुरली. मामाला सांगितलं, "हिचा उपास हाय." मामानं नळीला हात जोडले, रसाचा थेंब घातला न्हाय.

गुऱ्हाळ बंद झाल्यावर शाळेच्या प्रयोगखोलीत एकट्यानंच टोपण काढलं. दगडाच्या चुऱ्यावर पांढरी लव. भिंगाखाली धरली, तर सुया! बारीक, पण सुया.

आता दाखवू कुणाला? खिडकीपाशी त्यांचं स्टूल तसंच होतं. माझ्या तोंडातनं, बरोबर नाकातनं, आपोआप निघालं, "शाबाश मियाँ! उगे, उगे!"

व्हरांड्यात धावत्या चपला वाजल्या. हेडमास्तर, टोपी हातात, दारातनंच वरडले, "कब आये हजरत?"

त्यांनी मला बघितलं. मग स्टुलाकडं बघितलं. टोपी डोक्यावर घातली. मग माझा कान धरला.

"बेशरम! बदलून गेलेल्या माणसाचा आवाज काढतोस? या वयात मला व्हरांडाभर पळवलंस! चहा सांगून आलो मी शिपायाला, दोन कप! पुन्हा नक्कल केलीस तर शाळेतनं नाव काढीन. आन् राहवलंच न्हाय, तर आधी येऊन सांगत जा, की ते आलेले न्हाईत म्हणून!"