दोन वर्षांत येणारी गाडी

आमच्या थोरल्या साडूंइतका एकनिष्ठ माणूस मी उभ्या वऱ्हाडात पाहिला नाही. कुणाची निष्ठा देवावर असते, कुणाची पक्षावर, क्वचित कुणाची बायकोवरही असते. साडूंची एका मोटारगाडीवर होती, आणि ती गाडी आपल्या देशात विकायलाच नव्हती. जपानात मिळे, युरोपात मिळे, न्यूझीलंडमध्ये म्हणे भाजी आणायलाही लोक तीच घेऊन जात. अकोल्यात मात्र ती फक्त साडूंच्या बोलण्यात होती. जीपपेक्षा बुटकी, साध्या मोटारीपेक्षा उंच, गल्लीत मावेल एवढी आटोपशीर. साडू म्हणत, "जीपची छाती अन् मोटारीची कंबर. असं जमणं सोपं नाई, भाऊ." दातांच्या डॉक्टरकडे दाढ काढायला गेले असताना तिथल्या जुन्या मासिकात त्यांना ती पहिल्यांदा दिसली. दाढ डावीकडची काढली की उजवीकडची, हे त्यांना नंतर आठवत नसे. मासिक मात्र ते शर्टात घालून घरी घेऊन आले होते.

साडू भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. आयुष्य लोकांच्या बांधावर उभं राहून गेल्यामुळे मोजल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. अकोल्यात घर बांधलं तेव्हा त्यांनी पोर्च आधी आखला, तोही त्या गाडीच्या मापाचा. दोन्ही बाजूंनी दारं पूर्ण उघडतील एवढी जागा सोडून. त्यापायी स्वयंपाकघर दोन फुटांनी आत सरकलं. त्या पोर्चमध्ये त्यांची स्कूटर अशी दिसे, जशी मंगल कार्यालयात एकटीच आलेली पाहुणी. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका तिथे कुरड्या वाळत घालत आणि साडू त्यांना बजावत, "यंदा घाला. पुढच्या वर्षी जमणार नाई. गाडी येऊन राहिली."

दर महिन्याला ते कंपनीला पत्र लिहीत. सुरुवातीला मराठीतून मजकूर सांगत आणि मी अमरावतीहून तो इंग्रजीत करून पाठवी. पुढे त्यांनी मला मोकळं केलं. "तुमच्या इंग्रजीत कळकळ उतरत नाई," असं कारण दिलं. देशभरातल्या तिच्या चाहत्यांचा एक गट त्यांना मोबाईलवर सापडला. त्यात कोईमतूरचा एक दंतवैद्य होता, भोपाळचा एक वकील होता, आणि सगळे साडूंना "अंकल" म्हणत. गाडी इथे विकावी असा अर्ज त्या गटानं केला तेव्हा साडूंनी एकट्यानं जमवलेल्या सह्या सगळ्यांत जास्त होत्या. तिवशाच्या एका लग्नात त्यांनी अक्षता पडायच्या आधी नवरदेवाची सही घेतली, नंतर नवरीची आणि मग भटजींची. भटजींनी विचारलं, "हे कशासाठी?" साडू म्हणाले, "चांगल्या कामासाठी." माझ्या आईनं तर ग्रामपंचायतीचा नळ समजून सही केली होती.

माझी पुतणी ऑकलंडला असते. तिला त्यांनी गळ घातली की तिथल्या दुकानात जाऊन त्या गाडीचं दार लावल्याचा आवाज तेवढा पाठव. पोरीनं बिचारीनं पाठवला. मग जेवणं झाली की साडू सगळ्यांना गप्प बसवत, मोबाईल ताटाशेजारी ठेवत आणि म्हणत, "आता ऐका." धप्प. एवढंच. "हे दार आहे," ते हलक्या आवाजात सांगत. आम्ही मान डोलवत असू.

त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई दर्यापूरकडच्या एका शाळेत शिक्षिका होत्या. रोज सकाळी अकोल्याहून एसटी मिळाली तर एसटीनं, नाही तर काळीपिवळी जीपनं जायच्या. नऊ जणांच्या त्या जीपमध्ये पंधरा जण कसे बसतात, हे त्या हातवारे करून दाखवत तेव्हा आम्ही हसून लोटपोट होत असू. नवऱ्याच्या वेडावर त्यांची तक्रार नव्हती. "आमच्या घरात तिघं राह्यतो," त्या म्हणत. "तिसरी अजून पोचली नाई, येवढंच."

फक्त दर पावसाळ्यात त्या एकदा विषय काढत. काळ्या मातीचा रस्ता, खड्डे, जीपच्या टपावरून अंगावर गळणारं पाणी. एक साधी लहान गाडी घ्या, कोणतीही. ड्रायव्हर ठेवून शाळेतल्या आम्ही दोघीतिघी मिळून जाऊ. पैसे बाजूला काढून ठेवलेले होते. अडचण तत्त्वाची होती. माझ्यासमोरच एकदा साडू म्हणाले, "आता ही घेतली तर ती आली तेव्हा काय करू? आपण काही दोन गाड्यावाले नाई. दोन वर्षं थांब. पक्की बातमी आहे."

ताई म्हणाल्या, "मागच्या खेपेलेही पक्कीच होती."

"या खेपेले जपानातून आहे."

ताई हसल्या आणि मीही हसलो. मीच नव्हे, आमच्या नात्यातला प्रत्येक माणूस त्या दोन वर्षांवर हसत आला होता. त्यांचं ऐकू नका, परवा जाऊन एक गाडी घेऊन या, असं ठामपणे कुणीच कधी बोललं नाही. साडूंचं वेड आम्हाला फार आवडत होतं. अमरावतीत बसून ते आवडून घ्यायला मला काही मोजावं लागत नव्हतं.

त्या वर्षी ऑगस्टात एका सकाळी एसटी आली नाही म्हणून ताई जीपमध्ये बसल्या. समोरून आलेल्या ट्रकला बाजू देताना जीपचं चाक रस्त्याखाली उतरलं. तिथली माती पावसानं लोण्यासारखी झाली होती. जीप नाल्यात उलटली. दोघं जागीच गेले. त्यातली एक ताईंच्याच शाळेतली, शेजारच्या वर्गावरची तरुण शिक्षिका. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं, आणि त्या सकाळी खिडकीची जागा ताईंनीच तिला दिली होती. ताईंचा डावा खुबा आणि मांडीचं हाड मोडलं.

मी अकोल्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा साडू ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. कोणत्याही अपघाताची बातमी वाचली की गाडी कोणती, किती जुनी, टायर कसे असतील, ब्रेक किती अंतरात लागायला हवे होते, हे पोलिसांच्या आधी सांगणारा हा माणूस. त्या दिवशी लोक येऊन त्यांना जीपबद्दल सांगत होते आणि ते ऐकत नव्हते. मी पाणी आणून दिलं. ते हातात धरून बसले. मग म्हणाले, "भाऊ, पोर्च मोठा बांधला मी."

ताई घरी यायच्या आधीच साडूंनी एक गाडी घेतली. जुनी, लहान, समोर मिळाली ती. बोनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही. दवाखान्यातून ताईंना तीत बसवायला गेलो आणि कळलं की सीट फार खाली आहे. खुबा तेवढा वाकत नव्हता. आम्ही तिघांनी धरून त्यांना खाली सोडलं. ताई साधारणतः ओरडणाऱ्यातल्या नाहीत. त्या वेळी ओरडल्या. घरी पोचल्यावर उतरवतानाही तसंच. त्यानंतर ताई त्या गाडीत बसल्या नाहीत. कुठे जायचं झालं तर ऑटो बोलवत आणि काठी टेकून, पाठमोऱ्या होऊन त्यात बसत.

साडूंनी गट सोडला. पत्रं बंद झाली. मासिकं त्यांनी रद्दीत दिली की काय केलं, मी विचारलं नाही. ताईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मी महिन्यातून एकदा अकोल्याला जाई. घर शांत असे, म्हणजे भांडण नव्हतं आणि बोलणंही नव्हतं. साडू पहाटे उठून ताईंचे व्यायाम करून घेत, गरम पाण्याची पिशवी भरत, त्यांच्या केसांना तेल लावत. ताई "बस झालं", "जरा डावीकडे" एवढंच बोलत. एकदा मला पोचवायला स्टेशनवर आले असताना साडू म्हणाले, "तिनं एकदाही म्हटलं नाई, भाऊ. तुमच्यामुळं झालं, असं. एकदाही नाई."

"त्या तशा नाहीत," मी म्हणालो.

"म्हटलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "मी रोज वाट पाह्यतो. आज म्हणन, उद्या म्हणन. रात गेली की वाटते, आजही नाई म्हटलं."

गाडी आली तेव्हा ताईंच्या अपघाताला चार वर्षं होत आली होती.

कंपनीनं जाहीर केलं त्या दिवशी कोईमतूरच्या दंतवैद्याचा मला फोन आला. अर्जावर माझाही नंबर होता. अंकल फोन उचलत नाहीत, त्यांना तुम्ही सांगा, त्यांच्याइतका हक्क कुणाचाच नाही, असं तो हिंदीतून म्हणत होता आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. मी अकोल्याला गेलो. साडू म्हणाले, "माहीत आहे. त्याच्यात काय आता." आणि ताईंच्या औषधाच्या गोळ्या मोजायला लागले.

ताई पलंगावरून म्हणाल्या, "मले दाखवा ती गाडी."

साडूंनी ऐकलं नसल्यासारखं केलं. ताई पुन्हा म्हणाल्या, "चार वर्षांत मी तुमाले काही मागितलं नाई. मले ती पाह्यची आहे."

शोरूम अकोल्यातच हायवेवर होतं. ऑटोनं आम्ही तिघं गेलो. फुगे लावले होते, पेढे वाटत होते. गाडी मधोमध लाल रंगात उभी होती. साडू दारातच थांबले. तिथून पाहूनच हळूच म्हणाले, "मागून कापली." शोरूममधला माणूस मोठ्या उत्साहानं सांगायला लागला की आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून लांबी घटवली आहे, आणि आपले रस्ते लक्षात घेऊन इंचभर उचललीही आहे. साडूंनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्या गाडीची माहिती सांगत होतं आणि ते ती ऐकून घेत होते.

ताई काठी टेकत पुढे गेल्या. त्या माणसानं दार उघडलं. ताईंनी पाठ सीटकडे केली. साडू धरायला धावले तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा तिथंच." मग मागे टेकून त्या अलगद बसल्या. वाकावं लागलं नाही, चढावंही लागलं नाही. उजवा पाय आत घेतला, डावा दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला आणि दार स्वतः ओढून घेतलं. साडू काचेबाहेर उभे होते. ताई आत एकट्याच पाच मिनिटं बसून राहिल्या. समोरच्या फळीवरून त्यांनी हात फिरवला. कप ठेवायची जागा पाहिली. आरशात पाहिलं. मग काच खाली करून त्यांनी साडूंना जवळ बोलावलं. मी शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"गाडी चांगली आहे," ताई म्हणाल्या. "पण एवढी चांगली नाई."

साडू खिडकीपाशी वाकले.

"ते पोरगी गेली," ताई म्हणाल्या. "माहा पाय गेला. एवढी चांगली नाई ही."

"नाई," साडू म्हणाले. "नाई एवढी."

आणि तिथे, फुग्यांच्या आणि पेढ्यांच्या मधोमध, ते त्या गाडीच्या दाराला धरून रडायला लागले. शोरूममधल्या लोकांना वाटलं, आनंदानं रडताहेत. एकीनं येऊन फोटोही काढला. ताईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. चार वर्षांत त्यांनी आपणहोऊन केलेला तो पहिला स्पर्श असावा.

ती गाडी त्यांनी घेतली नाही. पुढच्या महिन्यात ताईंनी आठ-दहा गाड्यांमध्ये बसून पाहिलं आणि एक साधी, ढोबळ, सीट बरोबर उंचीवर असलेली गाडी पसंत केली. गिअर आपोआप पडणारी, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. साडूंना वाटलं, आपल्याला गुडघ्याचा त्रास आहे म्हणून ताईंनी तशी निवडली. ताई म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाई. मी शिकून राहिली." पंचावन्न वर्षांच्या वयात, कृषी विद्यापीठाकडच्या मोकळ्या रस्त्यावर, त्या सहा आठवड्यांत शिकल्या. "मले आता कोणाची वाट पाह्यची नाई," एवढंच त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं.

या दिवाळीच्या आधी मी अकोल्याला गेलो होतो. ताई दर्यापूरला निघाल्या होत्या, त्या तरुण शिक्षिकेच्या आईकडे. महिन्यातून एकदा जातात. मला म्हणाल्या, चला सोबत. मी मागे बसलो, साडू पुढे त्यांच्या शेजारी, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. सोयाबीन निघून गेलं होतं, कपाशी फुटायला लागली होती. ताई चांगली चालवतात. ब्रेक जरा उशिरा लावतात. लावला की साडूंचा उजवा पाय आपोआप खालच्या मॅटवर दाबला जाई, पण तोंडातून शब्द नाही. गाडी कुठे खड्ड्यात आदळली तरी नाही. एके काळी या माणसानं चाकाखालून खडा उडाल्याच्या आवाजावरून टायरमधली हवा सांगितली असती.

ते गप्प राहणं मला सोसेना. मला खरं तर कसलीच माहिती नको होती, तरी मी पुढे वाकून विचारलं, "भाऊसाहेब, हिचं इंजिन किती सीसीचं?"

साडू खिडकीबाहेर पाहत होते. थोडा विचार करून म्हणाले, "पाह्यलं नाई, भाऊ."

मी मागे टेकून बसलो. ताईंनी वेग थोडा कमी केला, आणि दर्यापूर येईपर्यंत त्या ब्रेक जरा आधीच लावत राहिल्या.