संशयी माणसाचा स्टोव्ह

रविवारी सकाळी टेक्ससमधल्या अर्विंगहून रियाचा फोन आला. "नलूमावशी, बाबा गेले," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिनेच पुढे सांगितलं, "इट वॉझन्ट द स्टोव्ह. दे चेक्ड."

मला नेमकं तेच विचारायचं होतं, याची लाज अजून वाटते. तीस वर्षांच्या स्नेह्याच्या मृत्यूची बातमी येते आणि आपल्या मनात पहिल्यांदा येतो तो त्यांच्या बैठकीतला लोखंडी पेलेट स्टोव्ह... पण त्यांच्या लेकीच्याही मनात तोच आला होता. अँब्युलन्सबरोबर आलेल्या फायर डिपार्टमेंटच्या लोकांना तिने तिथून फोनवरच घरात विषारी वायू साचलाय का ते तपासायला लावलं होतं. हवा स्वच्छ होती. विनायकरावांचं हृदय झोपेत थांबलं होतं.

विनायकराव मूळ नागपूरचे, मेकॅनिकल इंजिनिअर, निवृत्तीनंतरही इकडे अमेरिकेत, श्रूजबरीत आमच्याच रस्त्यावर राहणारे. संशय हा त्यांचा स्वभावच. ग्रोसरीत आंब्याची पेटी घेतली तर तिथेच खालचा थर उपसून बघायचे. डॉक्टरने औषध बदललं की दुसऱ्या डॉक्टरला विचारून यायचे. सुमनताई म्हणायच्या, "लग्नाआधी माझी पत्रिका ह्यांनी दोन ज्योतिष्यांना दाखवली, आणि विश्वास दोघांवरही नव्हता." अशा माणसाचा भरवसा फक्त त्या स्टोव्हवर. रिया कॉलेजला गेली त्या वर्षी घेतलेला. भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या वरच्या टाकीत ओतायच्या आणि आतला स्क्रू त्या थोड्या थोड्या करून आगीत ढकलतो. बर्फात सुमनताईंचे गुडघे धरले की त्या तिथेच खुर्ची ओढून बसत; ती ऊब त्यांना मानवायची.

मागच्या हिवाळ्यात तो स्टोव्ह मध्येच बंद पडायला लागला. एकदा तर खोलीत धूर झाला. विनायकरावांनी कंपनीला स्पीकरवर फोन लावला तेव्हा मी समोरच होते. कंपनी मधल्या काळात विकली गेली होती. नव्या मालकांच्या सपोर्टवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, तुमचं मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही, पण नव्या स्टोव्हवर आम्ही सवलत देऊ शकतो.

"पार्ट नाहीये, की द्यायचा नाहीये?" विनायकरावांनी इंग्रजीत विचारलं. पलीकडून उत्तराऐवजी होल्डचं संगीत लागलं.

"बघितलंस? होल्डवर टाकलं," ते मला म्हणाले. "काहीतरी लपवतायत."

मला तो हट्ट वाटला. रियालाही. तिला तो स्टोव्ह घरातून काढूनच टाकायचा होता. "मावशी, तो धूर वगैरे येतो का, जस्ट कीप अ‍ॅन आय," ती म्हणाली आणि मी हो म्हटलं. मग कधी शिऱ्याचा डबा, कधी लोणच्याची बाटली असं निमित्त काढून मी जायचे, स्टोव्ह बघायचे आणि घरी येऊन तिला मेसेज करायचे. चौथ्या खेपेला विनायकराव म्हणाले, "नलू, शिरा आम्हाला आणतेस आणि बघतेस स्टोव्हकडे. रियाने पाठवलंय का तुला?"

"छे! काहीतरीच काय?" मी म्हटलं. ते हसले नाहीत. त्यानंतर महिनाभर त्यांचा फोन नाही. मी केला तर सुमनताईच उचलायच्या.

मग एके दिवशी त्यांचाच फोन आला. "दुपारी ये. साक्षीदार हवाय."

या महिन्याभरात त्यांनी आजूबाजूच्या राज्यांतल्या जुन्या विक्रेत्यांना पत्रं पाठवली होती. उत्तर एकच आलं, न्यू हॅम्पशायरमधून, मूळ कंपनीतून निवृत्त झालेल्या गिल्बर्ट नावाच्या तंत्रज्ञाचं. आणि तो स्वतःच गाडी चालवत आला होता. जेवणाच्या टेबलावर त्याने नवा कंट्रोल बोर्ड आणि पंखा ठेवला. त्या मॉडेलचा बोर्ड गरम होऊन बिघडतो हे कंपनीला ठाऊक होतं, म्हणाला. सुधारलेला संचही केला होता. ज्यांनी भांडून मागितला त्यांना दिला, बाकीच्यांना कळवलंच नाही. त्यातले दोन त्याच्या गॅरेजमध्ये पडून होते; एक तो फुकट द्यायला घेऊन आला होता.

"आणि याचं तुम्हाला काहीच नको? का?" विनायकरावांनी विचारलं.

गिल्बर्टने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "'तुमचं मॉडेल सपोर्टमध्ये नाही' असं सपोर्टची मुलं फोनवर अजून जे वाचून दाखवतात ना," तो म्हणाला, "ते मी लिहिलेलं आहे."

विनायकराव आत बघून म्हणाले, "सुमन, चहा टाक. आल्याचा." तरीही प्रत्येक वायर त्यांनी स्वतः मीटर लावून तपासली, आणि स्टोव्ह दोन तास नीट चालल्याशिवाय त्या भल्या माणसाला जाऊ दिलं नाही. त्यानंतर धूर कधी झाला नाही. त्यांचा संशय खरा होता. माझ्याबद्दलचाही... पण ते मी त्यांच्याजवळ कधी कबूल केलं नाही.

तेराव्याला सगळे गेल्यावर मी सुमनताईंना सांगून टाकलं. त्या टाकीत कांड्या ओतत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"म्हणून महिनाभर बोलले नाहीत?"

"खोटं बोललीस ना, म्हणून रुसले होते. पण मला म्हणायचे, नलू येऊन बघून जाते, ते बरंय. उद्या मी नसलो तरी ती येईल." मग त्यांनी टाकीचं झाकण लावलं. "कसलीच खात्री न वाटणारा माणूस गं. याची मात्र होती."

रियाने परत जाण्याआधी, नवा स्टोव्ह बसवायला तिनेच बोलावलेल्या माणसाची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. कांड्यांची चाळीस पौंडांची पिशवी सुमनताईंना एकटीला उचलवत नाही. म्हणून एक दिवसाआड मी जाते. आम्ही दोघी दोन टोकं धरून ती गॅरेजमधून बैठकीत आणतो, दारात एकदा खाली ठेवून दम घेतो, आणि पुन्हा उचलतो.