निळी भिंत

इनासचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं लाद्या वाहून त्याने अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर दोन खोल्या बांधल्या. काम सुटलं तेव्हा समुद्र दारापासून वीस पावलांवर आला होता.

त्याने बंधाऱ्यासाठी सरकारी कचेरीत अर्ज केला. साहेब पाहणीला आले ते नेमके ओहोटीला. त्यांना लांबवर कोरडी वाळूच दिसली. मग इनास दर उधाणाला भिजत उभा राहून लाटांचे आणि ढासळत्या दरडीचे फोटो काढू लागला.

"दर्याचं लगीन लावताय काय, एवढे फोटू काढताय ते?" बायको सेसिल म्हणायची. "पानी चुलीपर्यंत येईल, तवाच घरात या."

साहेबांनी फोटो परत केले. "लाटा सगळीकडे सारख्याच. ही जागा तुमचीच कशावरून?"

तेव्हापासून प्रत्येक फोटोत तो आपल्या घराची निळी भिंत येऊ द्यायचा. यंदा आषाढातल्या उधाणात दरड कोसळली आणि घर तिच्याबरोबर गेलं. दोघं नेसत्या कपड्यांनिशी वाचली; इनासच्या हातात मोबाइल तेवढा होता. इनासने घर नेणाऱ्या लाटेचाही फोटो नेऊन दिला. साहेबांनी तो निरखून पाहिला.

"यात तुमची भिंत कुठे आहे?"

उरल्यासुरल्या मजुरीतून इनासने उमेळ्यात भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरलं. तिथून समुद्र दिसत नाही.