भिंतीकडं तोंड करून म्हटलेलं गाणं

त्या दुष्काळात आमच्या गावची जनावरं चारा छावणीला गेली आणि दूध सोसायटीची खोली रिकामी पडली. कॅन उपडे घातलेले, काटा गोणपाटाखाली झाकलेला. गावातल्या बाया पाझर तलावाच्या कामाला जायच्या. तिथं सावली म्हणाल तर एक बाभूळ, तीही नुसत्या काट्यांची. तान्ही लेकरं मुरमावर भाजून निघायची. म्हणून सोसायटीनं ती खोली लेकरांना दिली आणि लेकरं माझ्या ओटीत टाकली.

मी चौथी शिकलेली आणि लाजाळू. मोठ्या माणसापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. वडवणीच्या बाजारात मीठ घ्यायचं तर मी बोटानं दाखवायचे. लेकरांशी मात्र दिवसभर बडबड चालायची. छताच्या लाकडांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. एक जण माझ्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नसे. एकीला कॅनवर थाप मारून दाखवली की ती भाकरीचा घास गिळायची. एक सारखा भिंतीची माती खायचा, त्याला मी गुळाचा खडा देऊन फसवायचे, तर तो आधी गूळ खायचा आणि मग माती.

गाणी मला फार येत नव्हती. मग मीच एक जुळवलं:

टँकर आला, टँकर आला,
हंडा घे गं, घागर घे,
सांडू नको, भांडू नको,
थेंब थेंब घरी ने.

हंडा घे म्हटलं की डोक्यावर हात, सांडू नको म्हटलं की हळूहळू पावलं. लेकरांना लई आवडायचं.

अडचण एकच होती. खोलीचं दार पाराच्या समोर. पारावर कामाविना बसलेली माणसं, कुणी ना कुणी दारावरून जायचंच. माणूस दिसला की मी पदर पुढं ओढायचे, त्याचं टोक दातात धरायचे, भिंतीकडं तोंड फिरवायचे आणि गाणं तसंच चालू ठेवायचे. माझ्या पाठीमागं लेकरं काय करतात ते मला दिसायचा प्रश्नच नव्हता. आवाज येतोय ना, मग म्हणतायत, एवढंच मला ठाऊक.

पुढं छावणीतल्या जनावरांसाठी सरकीच्या ढेपेची पोती येणार असं ठरलं आणि ठेवायला जागा हवी म्हणून सोसायटीची नजर आमच्या खोलीवर आली. चेअरमन माणूस वाईट नव्हता, पण करडा. ते म्हणाले, "तिथं लेकरं काही शिकत असतील तर ठेवू. नुसतीच झोपत असतील तर झोपायला झाडाखाली बी येतं." बालवाड्या बघणारी एक ताई वडवणीहून येईल, ती सांगेल तसं करू, असं ठरलं. बायांनी मला सकाळीच बजावलं, "बये, आज तोंड उघड गं. न्हाईतर आमची लेकरं पुन्हा त्या मुरमावर."

ताई एसटीनं आली. बरोबर चेअरमन. जेवणाची सुट्टी झालेली, त्यामुळं लेकरांना पाजायला आलेल्या बाया धुळीनं पांढऱ्याफटक होऊन दारात उभ्या.

"बाई, काय शिकवलं ते दाखवा की," चेअरमन म्हणाले.

मी पदर ओढला, दातात धरला आणि फिरले भिंतीकडं. सवयच ती. तोंडातल्या तोंडात म्हटलं, "टँकर आला..."

पाठीमागं बारकी पावलं वाजली. मग माझ्या उजव्या डाव्या बाजूला एकेक डोकं येऊन भिंतीला लागलं. बघते तर सगळी पोरं भिंतीकडं तोंड करून उभी, आणि प्रत्येकानं आपल्या झबल्याचा घेर वर उचलून दातात धरलेला. खाली कुणाच्याच काही नाही. उघडी ढुंगणं ओळीनं चेअरमनकडं. माती खाणारा तर पुरता नागडा होता, त्याला धरायला कापडच नव्हतं, म्हणून त्यानं माझ्या लुगड्याचा काठ तोंडात घेतला. आणि सगळी मिळून गंभीरपणे "हंहा घे हं, घाहर घे" म्हणत होती.

दारातली एक म्हातारी म्हणाली, "अगं बया! चेरमनला काय दावलं गं हे!"

"असं कावून रे पोरांनो?" चेअरमन म्हणाले.

त्यांचीच नात, सगळ्यात मोठी, मान न वळवता, झबलं दातात धरूनच म्हणाली, "आबा, माणूस आला की गाणं असंच म्हणत्यात. तुमाला कसं म्हाईत न्हाई?"

ताई उपड्या कॅनवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "साहेब, ही पोरं शिकत नाहीत असं कोण म्हणेल? बाई करतात ते सगळं उचललंय की! बाई, तुम्ही फक्त तोंड इकडं करा."

धीर आला म्हणून मी वळले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला हसू आवरेना. दातातला पदर सुटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, भिंतीला धरून हसता हसता मी कधी फिरले ते मलाच कळलं नाही. मी फिरले तशी पोरं फिरली. मी तोंड उघडलं तशी झबली खाली पडली. आणि आम्ही म्हटलं, इतक्या जोरात म्हटलं की झोळीतली दोघं जागी झाली. कानाची पाळी धरणाऱ्यानं चेअरमनचं बोट धरून त्यांना चालायला लावलं. ते एका हातानं डोक्यावरचा नसलेला हंडा सावरत, न सांडता, खोलीभर चालले.

तेवढ्यात बाहेर घागरींचा खणखणाट. खालची आळी सगळी पळत आलेली, हंडे, कळश्या, एकीच्या हातात तर नुसता तांब्या.

"कुठं हाय टँकर?" पुढची धापा टाकत म्हणाली.

बाया हसून हसून भिंतीला टेकल्या. मी चेअरमनकडं बघितलं. जन्मात पहिल्यांदा सरळ बघितलं. त्यांचा हात अजून डोक्यावरच होता.

"टँकर न्हाई," ते म्हणाले, "बालवाडी हाय. आन् ती ढेप माझ्या ओसरीत टाका."